ग्वांगझोऊ-शेनझेनमधला पंचतारांकित मुक्काम: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातली ही दोन शहरं, पर्ल नदीच्या मुखाशी वसलेली. २०२० च्या जनगणनेनुसार ग्वांगझोऊची लोकसंख्या १ कोटी ८६ लाखांच्या वर आणि शेनझेनची १ कोटी ७५ लाखांच्या वर. ग्वांगझोऊ हे जुनं व्यापारी बंदर. शेनझेन १९८० साली विशेष आर्थिक क्षेत्र झालं आणि त्यानंतर वाढलं. आपल्याकडून कुणी कँटन फेअर या ग्वांगझोऊच्या मोठ्या व्यापारमेळ्याला जातं, कुणी इलेक्ट्रॉनिक्सच्या खरेदीला, कुणी कंपनीच्या कामाला, कुणी निव्वळ फिरायला.

भारी हॉटेल घेतलं की पुढचं सगळं आपोआप होईल, असं समजून निघालेली माणसं हमखास अडकतात. खोलीत काही अडत नाही. व्हिसाच्या एंट्रीत अडतं, फोनवर अडतं, पैसे देताना अडतं, चुकीच्या स्टेशनवर उतरल्यावर अडतं. या शहरांत चांगल्या हॉटेलचा खरा उपयोग त्याच्या रिसेप्शनवर होतो. तुमची पोलिस नोंदणी तेच करतं, चिनी लिपीतला पत्ता तेच देतं, टॅक्सीवाल्याशी तेच बोलतं, तिकीट बदलायला मदतही तेच करतं. म्हणून गादी आणि खिडकीबाहेरचं दृश्य पाहण्याआधी पत्ता आणि रिसेप्शन पाहा.

१. आधी तारखा तपासा, मग हॉटेल

कँटन फेअर १९५७ पासून भरतो, वर्षातून दोनदा, ग्वांगझोऊच्या पाझोऊ भागात. प्रत्येक वेळी तीन टप्पे असतात. वसंतात साधारण १५ ते १९ एप्रिल, २३ ते २७ एप्रिल आणि १ ते ५ मे. शरदात १५ ते १९ ऑक्टोबर, २३ ते २७ ऑक्टोबर आणि ३१ ऑक्टोबर ते ४ नोव्हेंबर. पहिल्या टप्प्यात इलेक्ट्रॉनिक्स आणि यंत्रं, दुसऱ्यात घरगुती वस्तू आणि भेटवस्तू, तिसऱ्यात कापड, कपडे, औषधं आणि खाद्यपदार्थ. तुमचा माल कोणत्या टप्प्यात येतो हे न पाहता तिकीट काढलं, तर इथवर येऊन नको तेच स्टॉल बघत बसावं लागेल.

या दिवसांत ग्वांगझोऊतल्या चांगल्या हॉटेलांचे दर दुप्पट किंवा त्याहूनही वर जातात आणि फुकट रद्द करण्याची सोय कमी होते. फेअरला जायचं नसेल तर या तारखा टाळा. चिनी नववर्षाचा आठवडा, १ मेच्या आसपासचे दिवस आणि १ ते ७ ऑक्टोबरची राष्ट्रीय सुट्टी हेही टाळलेलं बरं. तेव्हा सगळा देश प्रवासाला निघतो आणि रेल्वेची तिकिटं खिडकी उघडल्या उघडल्या संपतात.

२. व्हिसा: एक एंट्री की दोन?

भारतीय पासपोर्टवर चीनला आधी व्हिसा घ्यावाच लागतो. फिरायला जाणाऱ्यांसाठी ‘एल’, व्यापारासाठी ‘एम’. फेअरला जाणार असाल तर आधी फेअरच्या अधिकृत संकेतस्थळावर खरेदीदार म्हणून नोंदणी करून निमंत्रणपत्र काढा आणि ते ‘एम’च्या अर्जाला जोडा.

सगळ्यात महागात पडणारी चूक हाँगकाँगची. शेनझेनहून हाँगकाँग अर्ध्या तासावर, म्हणून लोक सहज एक दिवस जाऊन यायचं ठरवतात. पण सीमेच्या दृष्टीने हाँगकाँगला जाणं म्हणजे चीनच्या मुख्य भूमीतून बाहेर पडणं. एका एंट्रीचा व्हिसा तिथेच संपतो. परत शेनझेनला यायचं तर दुसरी एंट्री हवी. सामान शेनझेनच्या खोलीत आणि माणूस हाँगकाँगला अडकलेला, अशी गत नको असेल तर अर्जातच दोन एंट्री मागा. मकाऊलाही हाच नियम लागू. शिवाय हाँगकाँगमध्ये बाहेर पडायचं असेल तर भारतीयांना आधी ऑनलाइन पूर्वनोंदणी करावी लागते. तिच्यावर १४ दिवसांपर्यंत राहता येतं.

कागद हे लागतील:

- किमान सहा महिने वैध पासपोर्ट, दोन कोरी पानं असलेला
- व्हिसाचा अर्ज आणि ताजा फोटो
- जाण्यायेण्याचं तिकीट
- सगळ्या रात्रींचं हॉटेल बुकिंग, फुकट रद्द होणारं, म्हणजे व्हिसा नाकारला गेला तरी पैसे बुडत नाहीत
- ‘एम’साठी निमंत्रणपत्र
- हाँगकाँगमधून जाणार असाल तर पूर्वनोंदणीची छापील पावती

चीनचं आगमन कार्ड नोव्हेंबर २०२५ पासून आधी ऑनलाइन भरता येतं. विमानात पेन शोधत बसण्यापेक्षा घरून भरून निघा. त्यात हॉटेलचा पत्ता विचारतात, तो बुकिंगच्या कागदावरून जसाच्या तसा उतरवा.

३. फोन घरूनच तयार करून निघा

गूगल, जीमेल, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, फेसबुक हे सगळं मुख्य भूमीत बंद असतं. पंचतारांकित हॉटेलच्या वायफायवरही बंदच. ‘एवढं मोठं हॉटेल, तिथे चालत असेल’ हा समज सोडून द्या. मात्र भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग घेतलं, किंवा हाँगकाँगच्या कंपनीचं ई-सिम टाकलं, की या सेवा चालतात, कारण तो डेटा त्या सिमच्या मूळ देशातून फिरून येतो. म्हणून रोमिंगचा पॅक भारतातच सुरू करा. बँकेचे ओटीपीही भारतीय नंबरवरच येणार, त्यामुळे ते सिम फोनमधून काढू नका.

निघण्यापूर्वी चार गोष्टी फोनवर घ्या. पहिली अलीपे हे पैसे देण्याचं ॲप, दुसरी वीचॅट हे तिथलं संदेशांचं ॲप, तिसरी आमॅप हे नकाशाचं ॲप, चौथी ऑफलाइन चालणारं भाषांतर. वीचॅटचं नवं खातं उघडताना कधी कधी जुन्या खातेदाराकडून क्यूआर स्कॅन करून घ्यायला सांगतात. हे काम भारतात ओळखीच्या माणसाकडून उरकून घ्या, तिथल्या विमानतळावर अनोळखी माणसाला विनवण्यात अर्थ नाही. गूगलचा नकाशा चीनमध्ये वापरू नका. तिथल्या नकाशांची मोजणी वेगळ्या पद्धतीने सरकवलेली असते, त्यामुळे तुमचा निळा ठिपका रस्त्याच्या पलीकडे, कधी थेट नदीत दिसतो.

४. पैसे

यूपीआय तिथे चालत नाही. रोजचा सगळा व्यवहार क्यूआरवर, आणि परदेशी माणसासाठी सोपा रस्ता म्हणजे अलीपेला व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडणं. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर आणि ऑनलाइन व्यवहार हे दोन्ही चालू करा. नुसतं एक चालू केलं तर कार्ड जोडलं जातं, पण पैसे देताना नाकारलं जातं. पासपोर्टची पडताळणीही ॲपमध्ये आधीच करून टाका.

एका वेळच्या २०० युआनपर्यंतच्या खर्चावर ॲप शुल्क घेत नाही. त्याच्या वर गेलं की पूर्ण रकमेवर ३ टक्के लागतात. तुमच्या बँकेचं परकीय चलनाचं शुल्क त्याहून वेगळं. म्हणून जेवण, टॅक्सी, मेट्रो हे अलीपेवर द्या आणि हॉटेलचं बिल रिसेप्शनच्या मशीनवर क्रेडिट कार्ड वापरून थेट द्या. वीचॅट पेलाही दुसरं कार्ड जोडून ठेवा, एक अडलं तर दुसरं हाताशी राहील.

रोख ५०० ते १,००० युआन जवळ असू द्या, त्यात १० आणि २० च्या नोटा जास्त. दुकानदाराने रोख नाकारू नये असा नियम आहे, पण छोट्या दुकानात १०० च्या नोटेचे सुटे सापडत नाहीत.

५. कोणता भाग, कोणतं हॉटेल

ग्वांगझोऊत चार पर्याय नीट समजून घ्या.

*झूजियांग न्यू टाउन आणि तियानहे.* काचेच्या उंच इमारतींचा नवा भाग. फोर सीझन्स इथल्या आंतरराष्ट्रीय वित्त केंद्राच्या वरच्या मजल्यांवर आहे आणि त्याची लॉबीच ७० व्या मजल्यावर. समोरच्या ५३० मीटर उंच इमारतीत २०१९ पासून रोझवुड आहे. नदीपलीकडे ६०० मीटरचा कँटन टॉवर. दृश्य डोळ्यांचं पारणं फेडणारं, यात शंका नाही. पण अशा हॉटेलात रस्त्यावर यायचं म्हणजे खोलीतून लॉबी, तिथे लिफ्ट बदलून तळमजला. दिवसातून चार वेळा वरखाली करणाऱ्याचा बराच वेळ लिफ्टमध्ये जातो. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये ढग खिडकीला टेकलेले असतात, तेव्हा ‘रिव्हर व्ह्यू’चे जादा पैसे देऊन पांढरा पडदा बघायला मिळतो. या महिन्यांत साधी खोली घ्या.

*शामियान बेट.* जुन्या ब्रिटिश-फ्रेंच वसाहतीचा छोटा, झाडांनी भरलेला भाग. व्हाइट स्वान इथे १९८३ मध्ये सुरू झालं. चिनी आणि परदेशी भागीदारीतल्या देशातल्या पहिल्यावहिल्या मोठ्या हॉटेलांपैकी ते एक. लॉबीतला धबधबा बघायला तिथे न राहणारी माणसंही येतात. शांतता हवी, वयस्कर आई-वडील बरोबर आहेत, पायी फिरायचं आहे, तर हाच भाग. फेअरसाठीही हा वाईट नाही. जवळच्या कल्चरल पार्क स्टेशनवरून मेट्रोची ८ क्रमांकाची लाइन गाडी न बदलता पाझोऊला जाते, आणि हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

*ताओजिन, हुआनशी पूर्व रस्ता.* १९८५ चं गार्डन हॉटेल इथलं. आजूबाजूला परदेशी व्यापाऱ्यांची जुनी वर्दळ आणि भारतीय जेवण मिळणारी ठिकाणं. डाळ-भाताशिवाय चौथ्या दिवशी ज्यांचा जीव कासावीस होतो, त्यांनी हा भाग घ्यावा.

*पाझोऊ.* फेअरच्या इमारती आणि शांग्री-ला एकाच परिसरात. फेअरला चालत जाता येतं. पण फेअर संपला की संध्याकाळी इथे शहर असं फारसं जाणवत नाही.

शेनझेनमध्ये निवड सोपी. सीमेवरून पायी येणाऱ्यांना लुओहू. कार्यालयीन काम आणि ह्वाछ्यांगबेईचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार असेल तर फुतियान. तंत्रज्ञान कंपन्यांच्या भेटी असतील तर नानशान. शहर पूर्व-पश्चिम लांबलचक पसरलंय. लुओहूत राहून रोज नानशान गाठायचं ठरवलंत तर जाण्यायेण्यातच दिवसाचा चांगला वेळ जाईल. सेंट रेजिस हे ४४१ मीटर उंच केके १०० इमारतीच्या वरच्या मजल्यांवर आहे, तेव्हा लिफ्ट आणि ढगांचा वर सांगितलेला हिशेब तिथेही धरा.

६. बुकिंगची ओळ अक्षर अक्षर वाचा

दराच्या पुढे दोन अधिक-चिन्हं दिसली तर सावध व्हा. पहिलं चिन्ह १० टक्के सेवा शुल्क, दुसरं ६ टक्के कर, आणि हा कर सेवा शुल्क धरून लागतो. म्हणून एकूण वाढ १६ नव्हे, १६.६ टक्के. ८०० युआनची खोली प्रत्यक्षात ९३२ युआन ८० ला पडते. दहा रात्रींचा हिशेब केलात तर फरक १,३२८ युआनचा होतो, एका जादा रात्रीहूनही मोठा.

पलंगाचा घोळ तर रोजचा. चिनीत ‘श्वांग छ्वांग’ म्हणजे शब्दशः ‘दोन पलंग’. इंग्रजी भाषांतर करताना काही ठिकाणी त्याचं ‘डबल बेड’ होऊन बसतं. नवरा-बायकोने एकच मोठा पलंग हवा म्हणून ‘डबल’ निवडला की दोन वेगळे पलंग मिळतात. मोठ्या पलंगाला ‘दा छ्वांग’ म्हणतात. न्याहारीचंही तसंच. ‘श्वांग झाव’ म्हणजे दोघांची न्याहारी, ‘दान झाव’ एकाची, ‘वू झाव’ म्हणजे न्याहारी नाही. दोघांनी एकाच्या न्याहारीची खोली घेतली तर दुसऱ्याचे पैसे सकाळी रेस्टॉरंटच्या दारातच मागतात.

बुकिंगवरचं नाव पासपोर्टप्रमाणे हवं, आणि खोलीत राहणाऱ्या प्रत्येकाचं, लहान मुलांचंही. पत्ता चिनी लिपीत असलेलं बुकिंगचं पान कागदावर छापून घ्या. फोनची बॅटरी संपली तरी तो कागद तुम्हाला हॉटेलच्या दारात आणून सोडतो.

७. चेक-इन: पहिली पंधरा मिनिटं

रिसेप्शनवर सगळ्यांचे मूळ पासपोर्ट मागतात. व्हिसाचं पान आणि आत येतानाचा शिक्का स्कॅन होतो, कधी चेहऱ्याचा फोटोही घेतात. ही औपचारिकता नाही. चिनी कायद्यानुसार परदेशी माणसाची राहण्याची नोंद २४ तासांत पोलिसांकडे व्हावी लागते आणि हॉटेल ती तुमच्या वतीने इथेच करतं. नवीन हॉटेलात गेलात की नवी नोंद.

मधली एखादी रात्र नातेवाइकाच्या किंवा मित्राच्या घरी काढलीत, तर ही नोंद स्वतः जवळच्या ‘पायछूसुओ’त, म्हणजे पोलिस चौकीत जाऊन करावी लागते. यजमान आणि घराचे कागद बरोबर न्या. न केल्यास ताकीद मिळते, २,००० युआनपर्यंत दंडही होऊ शकतो. संध्याकाळी खोलीवर पाहुणा येणार असेल तर त्याचीही रिसेप्शनवर नोंद करून घ्या.

मग ‘याजिन’, म्हणजे अनामत. खोलीचं भाडं आधी दिलेलं असलं तरी ही वेगळी घेतात, बहुतेक एका रात्रीच्या दराच्या आसपास. इथे क्रेडिट कार्ड द्या, डेबिट नको. क्रेडिट कार्डावर रक्कम फक्त अडकवली जाते. डेबिट कार्डावर ती खात्यातून खरोखरच जाते आणि परत यायला आठवड्यांचा वेळ लागू शकतो. अनामतीची चिठ्ठी जपून ठेवा, कारण चेक-आउटला ती परत मागतात आणि अनामत रद्द झाल्याची दुसरी चिठ्ठी तुम्ही मागून घ्यायची असते.

किल्ली हातात घेतल्यावर लगेच खोलीकडे पळू नका. तिथेच उभं राहून तीन गोष्टी मागा:

- हॉटेलचं कार्ड, चिनी पत्ता आणि फोन नंबर असलेलं
- एका कोऱ्या कार्डावर रिसेप्शनच्या माणसाकडून चिनीत लिहून घेतलेलं तुमचं खाण्याचं पथ्य (मजकूर पुढे नवव्या पायरीत)
- उद्या जिथे जायचं त्या जागेचं चिनी नाव, आणि इमारतीचं कोणतं दार, तेही

तिसरी गोष्ट विसरू नका. एका व्यापारी संकुलाला दहा-बारा दारं असतात, आणि चुकीच्या दारात उतरलं की उन्हात पाऊण किलोमीटर चालणं नशिबी येतं.

खोलीत व्होल्टेज २२० आहे, आपल्या २३० च्या जवळपासच, पण खाचा चपट्या पिनांच्या. आपली जाड गोल तीन पिनांची प्लग तिथे बसत नाही. अडॅप्टर न्या. हाँगकाँगला जाणार असाल तर तिथली खाच आणखी वेगळी. नळाचं पाणी पिऊ नका. किटली आणि बाटल्या खोलीत असतात. टीप द्यायची पद्धत नाही. मजल्यांच्या आकड्यांत ४ किंवा १४ गाळलेला दिसला तर गोंधळू नका, तिथे ‘चार’चा उच्चार ‘मृत्यू’च्या शब्दाजवळ जातो.

८. शहरात फिरणं

मेट्रो स्वच्छ आणि वक्तशीर. भाडं २ युआनपासून सुरू होतं. अलीपेमध्ये शहराचं नाव निवडून प्रवासाचा क्यूआर काढा आणि फाटकावर दाखवा. दर स्टेशनवर बॅग मशीनमधून जाते, त्याला गर्दीच्या वेळी पाचेक मिनिटं जास्त धरा. ग्वांगझोऊची ३ क्रमांकाची लाइन सकाळी आणि संध्याकाळी मुंबईच्या लोकलची आठवण करून देते. झूजियांग न्यू टाउनहून फेअरला जाताना हीच पकडून केचुन स्टेशनवर ८ क्रमांकाची घ्यायची असते. म्हणून साडेसातलाच निघा किंवा सरळ टॅक्सी करा. शेनझेनच्या विमानतळावरून येणाऱ्या ११ क्रमांकाच्या लाइनला बिझनेस डबा आहे, तिप्पट भाड्याचा. मोठ्या बॅगा असतील तर ते पैसे वसूल होतात.

टॅक्सी बोलावण्याचं डीडी हे ॲप अलीपेच्या आतूनच उघडतं, इंग्रजीतही. गाडीत बसताच ड्रायव्हर काहीतरी विचारतो. तो तुमच्या फोन नंबरचे शेवटचे चार आकडे विचारत असतो, बसलेला प्रवासी योग्य आहे ना याची खात्री करायला. चार आकडे लिहून फोन पुढे धरा. गाडीचा नंबर मात्र बसण्याआधी तुम्ही पडताळा. फुटपाथवर चालताना मागे लक्ष ठेवा, विजेवरच्या स्कूटर आवाज न करता अंगावर येतात.

दोन शहरांमधली रेल्वे हा इथला मोठा आनंद आहे, आणि मोठा सापळाही. ग्वांगझोऊ दक्षिण ते शेनझेन उत्तर सुमारे ३५ मिनिटं. ग्वांगझोऊ पूर्व ते शेनझेन, म्हणजे लुओहूचं स्टेशन, सव्वा तासाच्या आसपास. तरीही तियानहेत राहून लुओहूला जायचं असेल तर दुसरी गाडीच सोयीची, कारण ग्वांगझोऊ दक्षिण शहराच्या मध्यापासून बरंच लांब आहे. ग्वांगझोऊ, पूर्व, दक्षिण, आणि डिसेंबर २०२३ पासून बाययुन, अशी चार मोठी स्टेशनं. शेनझेनमध्ये शेनझेन, उत्तर, फुतियान. तिकिटावरचं नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा.

तिकिटं साधारण १५ दिवस आधी खुली होतात. पासपोर्ट हेच तिकीट. आपोआप उघडणारं फाटक आपल्या पासपोर्टला दाद देईलच असं नाही, म्हणून सरळ कडेच्या माणसाच्या रांगेत उभे राहा. गाडी सुटण्याच्या काही मिनिटं आधी फाटक बंद होतं आणि मग कितीही विनवण्या केल्या तरी उघडत नाही. ४५ मिनिटं आधी पोहोचा.

सोळा वर्षांवरच्या परदेशी माणसाने मूळ पासपोर्ट कायम जवळ बाळगायचा असतो. हॉटेलच्या तिजोरीत तो ठेवून झेरॉक्स घेऊन फिरणं चालत नाही.

९. खाणं, विशेषतः शाकाहाऱ्यांसाठी

ग्वांगझोऊची खरी सकाळ चहाच्या टेबलावर असते. ‘याम छा’ म्हणजे चहा पिणं, पण चहाबरोबर वाफेच्या टोपल्यांमधून छोटे पदार्थ येत राहतात. तुम्ही बसलात की आधी कोणता चहा ते विचारतात. चहाचे माणशी पैसे बिलात वेगळे लागतात, पदार्थ काही मागवले नाहीत तरी. पहिल्या चहाच्या पाण्यात वाट्या, पेले आणि काड्या विसळून ते पाणी टेबलावरच्या मोठ्या भांड्यात ओततात. हा पहिला चहा पिऊन टाकू नका. कुणी तुमच्या पेल्यात चहा ओतला की दोन बोटं टेबलावर हलकेच आपटा, हे त्यांचं ‘आभारी आहे’. किटलीतलं पाणी संपलं की हाक मारायची नाही, झाकण तिरकं करून ठेवायचं. वेटर ते बघतो आणि भरून देतो.

आता पथ्य. ‘छर सू’, म्हणजे शाकाहारी खातो, एवढंच सांगणं पुरत नाही. तिथे भाजी नुसती उकडून वर ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा सॉस, ओतणं ही रोजची पद्धत आहे. मसाल्याच्या टोफूत डुकराचा खिमा असतो, वांग्यात आणि घेवड्यातही असतो. भाजी चरबीत परतलेली असू शकते, सूप कोंबडीच्या हाडांचं असतं. स्वयंपाकघराला ती भाजीच वाटते, कुणी फसवत नसतं. म्हणून कार्डावर नाव घेऊन लिहून घ्या: मांस नको, मासे आणि कोळंबी नको, ऑयस्टर सॉस नको, डुकराची चरबी नको, हाडांचं सूप नको. अंडं चालतं की नाही तेही लिहा. कांदा-लसूण नको असेल तर ती वेगळी ओळ.

हॉटेलच्या न्याहारीत ‘झोऊ’ नावाची तांदळाची पातळ खीर असते, थेट आपली कोकणातली पेजच. साधी पांढरी मागा, ‘बाय झोऊ’. शेजारच्या भांड्यात बहुतेक काळं मुरवलेलं अंडं आणि डुकराचं मांस घातलेली असते. दिसायला दोन्ही सारख्या, म्हणून पाटी वाचा. बौद्ध मंदिरांजवळ शुद्ध शाकाहारी जेवण मिळतं. ग्वांगझोऊत लिउरोंग मंदिराच्या परिसरात आणि शेनझेनमध्ये होंगफा मंदिरात.

घरून नेताना सीलबंद कोरडे पदार्थ न्या. ताजी फळं, भाज्या, बिया, तूप आणि दुधाचे पदार्थ सीमाशुल्कावर काढून घेतात.

१०. हवा

फेब्रुवारी ते एप्रिल दमट हवेचा एक काळ येतो, ‘हुई नान थिएन’. भिंती, आरसे, फरशा घाम फुटल्यासारख्या ओल्या होतात, ऐन पावसाळ्यातल्या कोकणातल्या घरासारख्या. खिडकी उघडलीत की खोलीभर पाणी. ती बंद ठेवून रिसेप्शनला ओलावा शोषणारं यंत्र मागा.

जुलै ते सप्टेंबर वादळांचे. सप्टेंबर २०१८ मध्ये मांगखुट आणि सप्टेंबर २०२५ मध्ये रागासा आलं तेव्हा विमानं, रेल्वे, दुकानं सगळंच थांबलं. इशारे रंगांनी देतात. नारिंगी आला की तिकिटाचं काय होतंय ते रिसेप्शनला विचारा, एका रात्रीचा मुक्काम त्याच दरात वाढवून मागा आणि पाणी, बिस्किटं घेऊन ठेवा. लाल आला की बाहेर पडू नका, आणि उंच मजल्यावर असाल तर मोठ्या काचेपासून पलंग दूर ठेवा.

११. निघताना

चेक-आउट बहुतेक दुपारी बाराला. कंपनीकडून पैसे घ्यायचे असतील तर दोन कागद मागा. एक ‘फापियाव’, म्हणजे करखात्याचं अधिकृत बिल, आणि दुसरं इंग्रजीतला तपशीलवार हिशेब. आपल्याकडच्या अकाउंट्सवाल्यांना नुसता फापियाव वाचता येत नाही आणि नुसता हिशेब पुरत नाही. घरी आल्यावर मागवायचा म्हटलं तर ईमेलवर आठवडे जातात.

पुढचा प्रवास चीनमधल्याच विमानाने असेल तर पॉवर बँक पाहा. २८ जून २०२५ पासून देशांतर्गत विमानात ३सी हे चीनचं सुरक्षा प्रमाणचिन्ह नसलेली पॉवर बँक नेता येत नाही, आणि भारतात घेतलेल्या बहुतेकांवर ते चिन्ह नसतं. सुरक्षा तपासणीत ती तिथेच सोडावी लागते.

ग्वांगझोऊच्या बाययुन विमानतळाला ऑक्टोबर २०२५ पासून तिसरं टर्मिनल आहे. टॅक्सीत बसण्याआधी टर्मिनलचा आकडा कार्डावर लिहून घ्या.

करपरतावा योजनेतल्या दुकानात एका दिवशी २०० युआनच्या वर खरेदी केली असेल तर त्यावरचा कर परत मागता येतो. दुकानातच पासपोर्ट दाखवून परताव्याचा अर्ज घ्या. वस्तू न वापरलेली हवी आणि सीमाशुल्काला प्रत्यक्ष दाखवावी लागते, म्हणून ती मोठ्या बॅगेत तळाशी भरू नका. आधी सीमाशुल्काच्या खिडकीवर शिक्का, मग बॅग जमा, आणि आत गेल्यावर परताव्याच्या काउंटरवर पैसे. हा क्रम उलटा झाला की वस्तू विमानाच्या पोटात आणि अर्ज बिनशिक्क्याचा तुमच्या हातात.